जेसन फुटतो तेव्हा

२०२१ च्या मे महिन्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या लेखी ठाणे जिल्हा म्हणजे ३९२ होता. कोविन या लसीकरणाच्या सरकारी यंत्रणेत प्रत्येक जिल्ह्याला एक क्रमांक होता: मुंबई ३९५, पुणे ३६३, ठाणे ३९२. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात मोडतं. त्यामुळे मीरा रोडला किंवा भाईंदरला कुठल्या केंद्रावर लस शिल्लक आहे, हे प्रोग्रॅमकडून जिल्ह्यानुसार शोधून घ्यायचं तर हाच आकडा द्यावा लागे. २८ एप्रिलला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची नोंदणी उघडली होती. मागणी अफाट आणि लस तुटपुंजी. जागा दिसायच्या आणि बघता बघता भरून जायच्या. कोविनने केंद्रांची माहिती खुली ठेवली होती. जिल्ह्याचा क्रमांक आणि तारीख पाठवली की केंद्रांची यादी परत येई, तीही जेसनमध्ये, म्हणजे यंत्राला सहज वाचता येईल अशा मांडणीत. देशभर प्रोग्रॅमिंग येणाऱ्या तरुणांनी त्या दिवसांत छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. ठरावीक वेळाने यादी मागवायची, जागा दिसली की टेलिग्रामवर खबर द्यायची, एवढंच त्यांचं काम.

घरच्या लॅपटॉपवर असा प्रोग्रॅम व्यवस्थित चाले. रात्रीही चालू राहावा म्हणून तोच परदेशातल्या एखाद्या फुकट सर्व्हरवर चढवला, की जावास्क्रिप्टवाल्यांच्या पुढ्यात ही ओळ येई: ‘अनएक्स्पेक्टेड टोकन < इन जेसन ॲट पोझिशन ०’. सरळ अर्थ असा, की जेसन वाचायला घेतला आणि पहिल्याच जागी < हे चिन्ह लागलं, जे तिथे असायला नको होतं.

कोडमध्ये काहीच बदललेलं नव्हतं. बदलली होती जागा. कोविनने भारताबाहेरून येणाऱ्या विनंत्या अडवल्या होत्या, आणि अडवलेल्या विनंतीला ४०३, म्हणजे ‘मनाई’, या स्टेटसबरोबर एचटीएमएलचं एक साधं पान मिळत होतं. एचटीएमएल < ने सुरू होतं. प्रोग्रॅमने स्टेटस पाहिलं नाही, उत्तर जेसनच आहे असं धरून ते पार्सरच्या, म्हणजे जेसन वाचणाऱ्या भागाच्या, हाती दिलं, आणि पार्सर पहिल्या अक्षराला थांबला. पार्सरने आपलं काम अगदी चोख केलं होतं.

या एका चिन्हाने जगभरातल्या प्रोग्रॅमरांचे किती तास खाल्ले असतील! मी हा लेख लिहितोय तो मुख्यतः मीरा रोड-भाईंदरच्या, आणि तशाच वसई-विरार, डोंबिवली, पनवेलच्या त्या मुलामुलींसाठी, जी सकाळच्या गर्दीत लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून सीप्झ किंवा मालाडकडे जातात आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात या ओळीपाशी अडतात. त्यांना मला एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. जेसन फुटला की पार्सरकडे बघू नका, पार्सरच्या हाती काय पडलं ते बघा. आलेला मजकूर आहे तसा उघडून वाचा. आणि तुम्ही मराठी माणसांची माहिती हाताळत असाल, तर त्या मजकुरातलं मराठी दुप्पट लक्ष देऊन वाचा. ते का, हे पुढे सांगतो.

त्याआधी थोडा इतिहास, कारण तो या विषयाच्या गाभ्याचाच आहे. डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार या दोघा अमेरिकन प्रोग्रॅमरांनी एप्रिल २००१ मध्ये पहिला जेसन संदेश ब्राउझरला पाठवला, आणि तो फुटला. क्रॉकफर्ड यांनी ही हकिगत स्वतःच एका भाषणात सांगितली आहे. संदेशात ‘डू’ नावाची एक किल्ली होती, अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली. ‘डू’ हा जावास्क्रिप्टचा राखीव शब्द, त्यामुळे ब्राउझरने तिथेच वाक्यरचनेची चूक दाखवली. राखीव शब्दांची भली मोठी यादी सगळ्यांनी लक्षात ठेवण्यापेक्षा प्रत्येक किल्ली दुहेरी अवतरणात घालायची, असा नियम त्यांनी करून टाकला. एकेरी अवतरण चालत नाही, शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही, टिपणं लिहिता येत नाहीत. नवशिक्यांना जाच वाटणारा हा कडकपणा जेसनचा मोठेपणा आहे असं मी मानतो. नियम इतके थोडे आणि इतके स्पष्ट आहेत, की फुटलेला जेसन नेमका कुठे फुटला ते नेहमी सांगता येतं.

सुरुवातीच्या वर्षांत जेसन वाचायला ‘इव्हॅल’ वापरत, म्हणजे आलेला मजकूर थेट प्रोग्रॅम म्हणून चालवत. समोरून कोणी घातक कोड पाठवला तर तोही चालायचा. डिसेंबर २००९ मध्ये जावास्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीत ‘जेसन.पार्स’ अधिकृतपणे आलं आणि हा धोका टळला. जानेवारी २०१० मध्ये जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.४ आवृत्तीनेही कडक वाचन सुरू केलं. तोवर ढिसाळ जेसनवर निभावलेल्या कितीतरी साइट त्या वेळी अचानक ‘पार्सरएरर’ दाखवू लागल्या. चूक आधीपासून होती, ती दिसायला लागली इतकंच.

आता पुन्हा त्या < कडे. ते कुठून कुठून येतं?

सर्वांत नेहमीची वाट म्हणजे चुकलेला पत्ता. रिॲक्टसारख्या साधनांनी बांधलेल्या साइटवर अनेकदा सर्व्हरला सांगून ठेवलेलं असतं, की ओळखीचा नसलेला कुठलाही पत्ता आला तर मुख्य पान द्यायचं. एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागवण्याच्या सोयीच्या, पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तर ४०४ सुद्धा मिळत नाही. २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असं स्टेटस येतं आणि सोबत संपूर्ण मुख्य पान. दुसरी वाट संपलेल्या सत्राची. माणूस चहाला उठून गेला, लॉगिनची मुदत सरली, परत येऊन त्याने बटण दाबलं. सर्व्हरने विनंती लॉगिनच्या पानाकडे वळवली. फेच, म्हणजे जावास्क्रिप्टची विनंती पाठवणारी सोय, हे वळण मुकाट्याने घेते आणि तुमच्या हाती २०० च्या शिक्क्यासह लॉगिनचं पान देतं. उत्तराच्या ‘रिडायरेक्टेड’ या गुणधर्मात त्याची नोंद असते, पण ती फारसं कोणी बघत नाही. तिसरी वाट सर्व्हरवर पडलेल्या खऱ्या चुकीची. पीएचपीने जेसनच्या आधी ‘वॉर्निंग’ छापली, तीही ठळक अक्षरांच्या एचटीएमएल टॅगसकट, आणि तिच्यामागे बिचारा धडधाकट जेसन आला.

आणखी एक वाट प्रवासातली. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगलचं फुकट वायफाय सुरू झालं. अशा जाळ्यांत मोबाइल क्रमांक देऊन आत जावं लागतं. तोवर साध्या एचटीटीपीवरून जाणाऱ्या विनंतीला तुमच्या सर्व्हरऐवजी वायफायचं लॉगिन पान उत्तर देतं. विनंती एचटीटीपीएसवरून गेली तर ही गल्लत होत नाही, जोडणीच तुटते आणि चूक वेगळी दिसते. ऑफिसात नीट चालणारं ॲप फलाटावर का फुटतं, याचं कारण पुष्कळदा इतकं साधं असतं.

या सगळ्याची मुळं फेचच्या एका स्वभावात आहेत. सर्व्हरने ४०३ दिलं, ४०४ दिलं, ५०० दिलं, तरी फेचच्या हिशेबी विनंती यशस्वी झालेली असते, कारण उत्तर आलं. जाळंच कोसळलं तरच ते चूक मानतं. स्टेटस २०० ते २९९ मध्ये आहे का, हे ‘ओके’ या गुणधर्मातून आपण विचारायचं असतं. शिकवणीच्या व्हिडिओंत बहुधा दोनच ओळी असतात: फेच करा, आणि त्यावर लगेच ‘.जेसन’ मागा. त्या दोन ओळींच्या मधली तपासणी कोणी शिकवत नाही. याचा मला खरोखर राग येतो, कारण रोजच्या कामातला निम्मा त्रास त्या मधल्या जागेत दडलेला आहे.

म्हणून शोधाची रीत अशी. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कच्या टॅबवर ती विनंती निवडायची. स्टेटस बघायचं. मग उत्तराच्या हेडरमधला ‘कंटेंट-टाइप’ बघायचा; तो पाकिटावरच्या पत्त्यासारखा असतो, आत काय असायला हवं ते सांगतो. ‘ॲप्लिकेशन/जेसन’ ऐवजी ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ दिसलं की शोध बहुधा तिथेच संपतो. मग प्रत्यक्ष मजकूर वाचायचा. कोडमध्ये हेच करायचं तर ‘.जेसन’ ऐवजी आधी ‘.टेक्स्ट’ घ्यायचं, ते कन्सोलवर छापायचं आणि मग स्वतः ‘जेसन.पार्स’ करायचं. दोन्ही पाठोपाठ मागू नका. उत्तराचा प्रवाह एकदाच वाचता येतो, दुसऱ्या वेळी ‘बॉडी स्ट्रीम ऑलरेडी रेड’ अशी नवीच चूक अंगावर येते. हवंच असेल तर आधी ‘क्लोन’ करून घ्या.

चुकीच्या ओळीतला पोझिशनचा आकडाही वाचायला शिका. तो शून्य असेल तर जवळपास नेहमीच भलतंच काही तरी आलेलं असतं. तो १ असेल आणि अक्षर ‘ओ’ असेल, तर तुम्ही आधीच वाचून झालेला ऑब्जेक्ट पुन्हा पार्स करायला दिला आहे. जावास्क्रिप्ट त्याचं ‘[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]’ असं मजकुरात रूपांतर करतं, पहिला चौकटी कंस जेसनमध्ये चालतो, दुसऱ्या जागीचा ‘ओ’ चालत नाही. आकडा मोठा असेल, समजा ४,३१२, तर जेसन खरोखरच मध्ये कुठे तरी मोडला आहे. त्या जागेच्या मागची-पुढची वीस-वीस अक्षरं कापून छापा, दोष समोर दिसेल. आणि ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट’ आलं तर मजकूर अर्धवट आहे किंवा आलाच नाही. २०४ स्टेटसच्या उत्तराला मजकूर नसतोच, त्यावर ‘.जेसन’ मागणं चूक. गेल्या काही वर्षांत क्रोमने या ओळी सुधारल्या आहेत आणि आलेल्या मजकुराचा तुकडाच तो आता चुकीत दाखवतो. फायरफॉक्स ओळ आणि रकाना सांगतो. तरी आख्खा मजकूर वाचण्याला पर्याय नाही.

आता मोठ्या आकड्यांच्या जागी फुटणाऱ्या जेसनकडे येऊ, कारण आपल्या गावांची माहिती तिथे अडते.

मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ होती. पाच ग्रामपंचायती मिळून १९८५ मध्ये झालेली नगरपरिषद २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका झाली. उत्तनचा कोळीवाडा आणि भाईंदरची मिठागरं यांच्या जोडीला इमारतींची रांगच्या रांग उभी राहिली, आणि त्यांचे पत्ते म्हणजे जेसनची परीक्षाच. शांतीनगरात सेक्टर, सेक्टरमध्ये इमारत, तिला विंग, मग मजला आणि फ्लॅट. माणूस फॉर्मच्या मोठ्या चौकटीत पत्ता लिहिताना प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबतो. इमारतीचं नाव अवतरणात टाकतो. फ्लॅट क्रमांक ‘बी\४०३’ असा उलट्या तिरक्या रेघेने लिहितो. सर्व्हरवर कोणी तुकडे जोडून हाताने जेसन तयार केला असेल, तर एंटर हे मजकुरात न चालणारं नियंत्रण-अक्षर ठरतं, इमारतीच्या नावाचं पहिलं अवतरण पत्ता तिथेच संपवून टाकतं, आणि उलट्या रेघेपुढे आकडा आला की ‘बॅड एस्केप्ड कॅरॅक्टर’. त्याच रेघेपुढे इंग्रजी ‘एन’ असेल तर चूक दाखवलीच जात नाही, ‘एन’ गुपचूप नवी ओळ होऊन बसतो. फोनचा क्रमांक ०२२ ने सुरू होतो, आणि जेसनमधल्या संख्येला पुढे शून्य चालत नाही. क्रमांक अवतरणात नसेल तर तिथेच मोडतं. रक्कम १,२५,००० अशी लिहिली तर पहिल्याच स्वल्पविरामाला संख्या संपते.

हाताने जेसन जोडणं सोडा, हा त्यावरचा उपाय. पीएचपीत ‘जेसन एन्कोड’, जावास्क्रिप्टमध्ये ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ ही कामं बिनचूक करतात.

निदान बहुतेक वेळा. एक अपवाद असा आहे, की तो माहीत असलेला प्रत्येक मराठी प्रोग्रॅमर दुसऱ्याला सांगत राहिला पाहिजे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे स्वतंत्र तीन-तीन. पीएचपीचं जुनं ‘सबस्ट्र’ अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. समजा यादीत नाव लांब दिसू नये म्हणून कोणी ते ५० वर कापलं. ‘मीरा-भाईंदर महानगरपालिका’ घेऊ. पहिल्या शब्दाची दहा चिन्हं म्हणजे ३० बाइट, साध्या जोडरेघेचा एक, रिकाम्या जागेचा एक, एकूण ३२. उरले १८, म्हणजे बरोबर सहा चिन्हं. नाव ‘मीरा-भाईंदर महानगर’ असं स्वच्छ कापलं जातं. सगळं ठीक चाललंय असं वाटतं. आता ‘बृहन्मुंबई महानगरपालिका’ घ्या. पहिल्या शब्दाची दहा चिन्हं, ३० बाइट, रिकामी जागा एक, एकूण ३१. उरले १९. सहा चिन्हांचे १८ गेले, आणि शेवटचा एक बाइट ‘प’च्या तीन बाइटांपैकी पहिला म्हणून लोंबकळत राहिला. तो एकटा कुठलंच अक्षर नाही. ‘जेसन एन्कोड’ असा मजकूर नाकारतं आणि ‘फॉल्स’ परत करतं. पीएचपीत ‘फॉल्स’ छापलं की काहीच छापलं जात नाही. स्टेटस २००, मजकूर शून्य, आणि ब्राउझर म्हणतो ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट’.

एका नावाने बिघडलेली आख्खी यादी! इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच भेटणार नाही. मराठी नावांतही काहींनाच भेटेल, त्यामुळे ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येत राहील. उपाय छोटा आहे: ‘एमबी सबस्ट्र’ वापरायचं, आणि पीएचपी ७.३ पासून मिळणारी ‘जेसन थ्रो ऑन एरर’ ही खूण लावायची, म्हणजे अपयश मुकं राहत नाही.

जुन्या मराठी फाइलींचाही असाच त्रास होतो. श्रीलिपी, कृतीदेव, सुरेख या फॉन्टांच्या जमान्यात टाइप केलेला मजकूर आतून युनिकोड नसतोच. ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायला गेलं की पुष्कळदा पुन्हा तेच, रिकामं उत्तर. अशी माहिती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. नोटपॅडमध्ये जपून ठेवलेल्या फाइलीत कधी अगदी सुरुवातीला न दिसणारं एक चिन्ह असतं, बाइट ऑर्डर मार्क. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या जेसनच्या मानकात ते जाळ्यावरून पाठवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. फेचचं ‘.जेसन’ ते गाळून टाकतं, पण नोडमध्ये फाइल थेट वाचून पार्स केली की पोझिशन शून्यावर चूक येते आणि पडद्यावर तर काहीच वावगं दिसत नाही.

देवनागरी आकडे हा आणखी एक सापळा. जेसनला फक्त इंग्रजी आकडे कळतात. अवतरणाबाहेर ४५ असं देवनागरीत आलं की तिथे मोडलं. आणि हे आकडे कोणी टाइपच केले पाहिजेत असं नाही. जावास्क्रिप्टला संख्या मराठी पद्धतीने दाखवायला सांगितली की ती आपोआप देवनागरीत येते. पडद्यावर ते सुंदर दिसतं आणि दिसायलाच हवं. पण तोच मजकूर परत संख्या म्हणून वाचायला गेलात तर ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, हाती येतं, आणि ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’ त्या ‘नॅन’चं ‘नल’ करून सर्व्हरकडे पाठवतं. चूक कुठेच दिसत नाही, रक्कम मात्र नाहीशी होते.

मला अशा मुक्या दोषांची जास्त भीती वाटते. फुटलेला जेसन निदान आरडाओरडा करतो. ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढच्या पूर्ण संख्या जावास्क्रिप्टला नेमक्या धरता येतातच असं नाही. त्या आकड्याचा शेवट ९३ असेल तर वाचल्यावर ९२ होतो. लांबलचक खाते क्रमांक किंवा पावती क्रमांक संख्या म्हणून पाठवला तर शेवटचा आकडा बदलू शकतो, आणि पार्सर हूं की चूं करत नाही. असे क्रमांक अवतरणात पाठवायचे. मोठं उत्तर तुकड्यांनी घेताना प्रत्येक तुकडा वेगवेगळा मजकुरात बदलला, तर एखाद्या अक्षराचे तीन बाइट दोन तुकड्यांत विभागले जातात आणि ‘मीरा’तल्या ‘र’च्या जागी प्रश्नचिन्ह असलेले काळे चौकोन उमटतात. जेसन वैध राहतो, नाव बिघडतं.

८ जुलै २०२५ ला मीरा रोडला मराठीच्या प्रश्नावर मोठा मोर्चा निघाला होता. भाषेबद्दल इथे किती तळमळ आहे ते तेव्हा सगळ्या राज्याने पाहिलं. त्या तळमळीतलं थोडं चाचणीच्या माहितीत उतरावं अशी माझी फार इच्छा आहे. आपल्याच मुलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमांत चाचणीचं नाव ‘टेस्ट वन’ आणि पत्ता ‘एबीसी’ असतो. मग खरी सावित्रीबाई, खरा परशुराम, खरं बृहन्मुंबई आलं की यादी कोसळते, आणि ‘मराठीत टाकू नका, सिस्टिम घेत नाही’ असा सल्ला दिला जातो. सिस्टिम घेते. गेली कितीतरी वर्षं घेते आहे. आपण तिला मराठी देऊन पाहिलेलं नसतं.

यात फ्रंटएंड आणि बॅकएंड यांचं भांडण नेहमीचं. ‘तुझा एपीआय फुटतोय’, ‘माझ्याकडे पोस्टमनमध्ये चालतोय’. दोघंही बहुधा खरं बोलत असतात. पोस्टमन या एपीआय तपासण्याच्या साधनात लॉगिनचं टोकन ताजं असतं, ब्राउझरमध्ये शिळं. किंवा पोस्टमनमध्ये इंग्रजी नाव घातलेलं असतं. दोघांनी मिळून एकच कच्चं उत्तर समोर ठेवलं तर वाद तिथेच मिटतो. सर्व्हर लिहिणाऱ्याकडून मात्र माझी ठाम अपेक्षा आहे, की नकार द्यायचा तरी तो जेसनमध्येच द्यावा, योग्य स्टेटससह, आणि पीएचपीच्या सूचना उत्तरात न छापता लॉगमध्ये लिहाव्यात.

तेव्हा नवा एपीआय लोकांसमोर नेण्याआधी चाचणीच्या माहितीत एक नोंद कायमची घाला. नाव ‘बृहन्मुंबई महानगरपालिका’. पत्ता शांतीनगरचा, तीन ओळींत, इमारतीचं नाव अवतरणात, फ्लॅट ‘बी\४०३’. फोन ०२२ ने सुरू होणारा. पावती क्रमांक सतरा आकडी. वय देवनागरी आकड्यांत. ती नोंद साठवा, परत मागवा, आलेलं उत्तर अक्षर न् अक्षर ताडून पाहा. मग लॉगिन संपू द्या आणि पुन्हा मागवा. शेवटी डेटाबेस मुद्दाम बंद करून पाहा, ५०० च्या उत्तरातही जेसनच येतो का.